आतड्यातील सलोखा आणि त्याचा भंग

बोटात काटा रुतला आणि त्याच्यासोबत चार-दोन जंतू कातडीखाली गेले, तर काही तासांच्या आत ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते, आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने आपले सारे बळ त्या तसूभर जागेवर लोटले आहे हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु त्याच शरीराच्या आतड्यात जंतूंची अगणित प्रजा जन्मभर नांदते, खाते, वाढते, मरते, आणि तिच्याविरुद्ध ना सूज उठते ना ताप चढतो. शरीर एके ठिकाणी इतके कठोर आणि दुसरे ठिकाणी इतके उदार का वागते, ही उदारता ते कोणत्या उपायांनी टिकवते, आणि काही दुर्दैवी माणसांच्या बाबतीत ती संपुष्टात आली म्हणजे त्यांच्यावर कोणता प्रसंग ओढवतो, हे प्रश्न वरवर पाहता केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचे वाटतील. पण ज्यांच्या घरात अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या विकारांचा रुग्ण आहे, त्यांच्या दृष्टीने ते रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत. आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या संशोधनातून त्यांचे जे उत्तर हळूहळू आकारास आले आहे, त्याचा मथितार्थ असा की, आतड्यातील ही शांतता आपोआप लाभत नाही, शरीराला ती क्षणोक्षणी श्रम करून राखावी लागते.

प्रथम या प्रजेचा अंदाज घेऊ. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे प्रौढ पुरुषाच्या शरीरातील जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी भरते. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात. संख्येने इतकी अवाढव्य असलेली ही वस्ती वजनाला मात्र २०० ग्रॅमच्या आसपासच येते, आणि तिचा फार मोठा भाग मोठ्या आतड्यात असतो. हे जीवाणू नुसते फुकटचे आश्रित नव्हेत. भाजीपाला, कडधान्ये आणि कोंडा यांतील जे तंतू आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत, ते आंबवून हे जीवाणू ब्यूटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपले पोषण मुख्यतः या ब्यूटिरेटवर करतात. के जीवनसत्त्वाचा काही अंशही त्यांच्याकडून मिळतो. आणि रोगकारक जंतूंना जागा व अन्न मिळू न देता ते त्यांना बऱ्याच अंशी दूर ठेवतात. प्रयोगशाळेत संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या प्राण्यांच्या आतड्यातील संरक्षक ऊतींची वाढ खुंटलेली आढळते, ही गोष्ट तर विशेष चिंतनीय आहे, कारण जंतूंच्या सहवासावाचून शरीराचे सैन्यदेखील वयात येत नाही असा तिचा अर्थ होतो.

असे असले तरी हे जीवाणू जोवर आतड्याच्या पोकळीत आहेत तोवरच उपकारक असतात; पोकळी ओलांडून ते ऊतींत शिरले तर तेच प्राणावर बेततात. या दोहोंमधील सरहद्द किती पातळ आहे हे कळले म्हणजे मन थक्क होते. आतड्याच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्र सुमारे ३० चौरस मीटर असते, आणि त्याच्या सबंध विस्तारावर पेशींचा केवळ एकच पदर असतो. तोही कायमचा नव्हे, कारण त्यातील पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या नाजूक पदरावर श्लेष्माचे, म्हणजे बुळबुळीत स्रावाचे, आवरण असते. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठात गुन्नार हॅन्सन आणि मालिन योहान्सन यांनी २००८ साली दाखवून दिले की, उंदराच्या मोठ्या आतड्यात या आवरणाचे दोन थर असतात: बाहेरच्या सैल थरात जीवाणू मुक्तपणे वावरतात, पण पेशींना लगटून असलेला आतला घट्ट थर जवळजवळ निर्जंतुक असतो. ज्या उंदरांमध्ये हा श्लेष्म घडवणारे मुख्य प्रथिन जनुकीय बदलाने नाहीसे केले, त्यांच्यात जीवाणू थेट पेशींना जाऊन भिडले आणि त्या उंदरांना आतड्याचा दाह जडला.

श्लेष्माच्या या तटामागे आणखीही बंदोबस्त असतो. लहान आतड्याच्या खोलगट ग्रंथींच्या तळाशी असलेल्या पानेट पेशी जंतुनाशक प्रथिने स्रवत असतात. आतड्याच्या भिंतीतील पेशी रोज ३ ते ५ ग्रॅम आयजीए नावाचे प्रतिपिंड पोकळीत सोडतात. शरीरातील दुसरे कोणतेही प्रतिपिंड इतक्या प्रमाणात तयार होत नाही, आणि याचे वैशिष्ट्य असे की, ते जीवाणूंना वेढून अस्तरापासून दूर ठेवते, पण दाह मात्र पेटवत नाही. याहूनही खोलवर, अस्तराच्या खाली, काही पेशी जीवाणूंचे सूक्ष्म अंश उचलून जवळच्या लसीकाग्रंथींत नेतात आणि तेथील टी-पेशींपुढे ठेवतात. आणि समोर आलेल्या अंशाविरुद्ध चढाई करायची की त्याला मुभा द्यायची, याचा निवाडा तेथे होतो. निरोगी आतड्यात बहुधा मुभेचा निवाडा होतो, आणि तो अमलात आणण्याचे काम नियामक टी-पेशी करतात. इंटरल्यूकिन-१० यासारखी द्रव्ये सोडून त्या आपल्या आक्रमक भाऊबंदांना आवरून धरतात. टोकियोतील केन्या होंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली असे दाखवले की, क्लॉस्ट्रिडियम कुळातील काही निरुपद्रवी जीवाणू स्वतःच या नियामक पेशींची संख्या वाढवतात. म्हणजे हा सलोखा एकतर्फी नाही. तो टिकवण्यात दोन्ही पक्षांचा हात असतो.

या सलोख्याच्या भंगातून जे विकार उद्भवतात, त्यांची वैद्यकाच्या दप्तरात नोंद होऊन फार काळ लोटला आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाचे वर्णन केले. आजच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास तेथून सांगण्याची वहिवाट आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ साली लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दाह, व्रण आणि अरुंदी निर्माण करणाऱ्या एका विकाराचे १४ रुग्णांवरून वर्णन केले, आणि लेखावरील नावांत आद्याक्षराने पहिले असलेल्या क्रोन यांचे नाव त्या विकाराला कायमचे चिकटले. पहिला विकार गुदाशयापासून सुरू होऊन अखंडपणे वर चढत जातो आणि अस्तराच्या वरच्या पदरापुरताच राहतो. दुसरा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी पट्टे सोडून सोडून उद्भवतो आणि आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी पोखरतो. रुग्ण बहुधा तरुण असतो. दिवसातून आठ-दहा वेळा रक्त व आव पडते, पोटात कळा येतात, वजन घटते, रक्त कमी होते, रात्री झोपेतून उठावे लागते. एसटीच्या प्रवासाला निघताना वाटेत संडास कोठे मिळेल याचाच विचार आधी मनात येतो. विकार काही महिने शमतो, पुन्हा उसळतो, आणि असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो.

जंतुशास्त्राच्या वैभवाच्या काळात या विकारांमागे एखादा विशिष्ट जंतू असलाच पाहिजे अशी समजूत होणे स्वाभाविक होते. क्रोन यांच्या आधी १९१३ सालीच ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी अशाच रुग्णांचे वर्णन करताना गुरांना होणाऱ्या योने रोगाशी, म्हणजे क्षयजंतूच्या एका भाऊबंदाने होणाऱ्या आतड्याच्या रोगाशी, त्याचे साम्य नजरेस आणले होते. त्यानंतर अनेक जंतूंवर संशय घेण्यात आला, अनेकांची कसून तपासणी झाली. पण प्रत्येक रुग्णात सापडावा, निरोगी माणसात सापडू नये आणि ज्याला हाकलले असता रोग नाहीसा व्हावा, असा एकही जंतू आजवर हाती लागलेला नाही.

बेल्जियममधील ल्यूव्हन येथे पॉल रुटगेर्ट्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निरीक्षणाने या शोधाची दिशा पालटली. क्रोन्सच्या रुग्णाचा सडलेला भाग कापून आतडे पुन्हा जोडले, तर काही महिन्यांतच सांध्याच्या वरच्या बाजूस रोग पुन्हा डोके वर काढतो, हा शल्यविशारदांचा नेहमीचा कटू अनुभव होता. रुटगेर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांत आतडे जोडले खरे, पण त्याच्या वरच्या बाजूस पोटावर एक तात्पुरते द्वार काढून अन्नमलाचा प्रवाह बाहेर वळवला. सहा महिन्यांनी पाहिले तर जोडलेल्या आतड्यात रोगाचा मागमूस नव्हता. मग द्वार बंद करून प्रवाह पूर्ववत सुरू केला, आणि पुढील सहा महिन्यांत पाचही जणांत रोग परतला. पुढे १९९८ साली ल्यूव्हनच्याच डॉक्टरांनी तीन रुग्णांत, असे बाजूला पडलेले आतडे शांत असताना, त्याच रुग्णाच्या वरच्या द्वारातून बाहेर येणारा द्रव आठवडाभर त्यात सोडला. एवढ्याने भिंतीत दाहाची पहिली चिन्हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. आतड्यातून जे वाहते त्यातच ठिणगी आहे, हे त्यावरून उघड झाले. आणि ते वाहणारे द्रव्य परके नव्हते, त्या रुग्णाचे स्वतःचेच होते.

याच सुमारास उंदरांवरील प्रयोगांनी दुसऱ्या बाजूने दार उघडले. जर्मनीतील कोलोन येथे व्हेर्नर म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-१० चे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले, आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाप्रमाणे या उंदरांना दुसरे काही न करता आतड्याचा जुनाट दाह जडला. नियामक पेशींच्या हातातील आवरण्याचे साधन काढून घेतल्याबरोबर बाकीची सेना बेफाम झाली. पण हेच उंदीर अमेरिकेत निर्जंतुक वातावरणात वाढवून पाहिले, तेव्हा १९९८ साली कळून आले की त्यांना दाह होतच नाही. त्यांच्या आतड्यात नेहमीचे जीवाणू सोडताच मात्र तो होतो. सदोष शरीर एकटे पुरेसे नाही आणि जीवाणूही एकटे पुरेसे नाहीत; दोहोंची गाठ पडावी लागते. माणसातही याचा दाखला मिळाला. २००९ साली जर्मनीतील क्रिस्टोफ क्लाइन यांच्या गटाने अशा बालकांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना जन्मानंतर थोड्याच काळात अत्यंत उग्र दाह जडला होता आणि ज्यांच्या पेशींत इंटरल्यूकिन-१० चा संदेश घेणारे प्रथिन जन्मतः सदोष होते. त्यांपैकी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या एका बालकात दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशींचे रोपण केल्यावर तो दाह शमला.

या साऱ्या प्रयोगांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो जर्मनीतील माइंझ येथे राइनर डुखमान यांच्या गटाने १९९५ साली प्रसिद्ध केलेला साधासा प्रयोग. निरोगी माणसांच्या आतड्यातील संरक्षक पेशी काढून त्यांनी काचेच्या भांड्यात त्या माणसाच्या स्वतःच्या आतड्यातील जीवाणूंच्या अंशांसमोर ठेवल्या. पेशी स्वस्थ राहिल्या. मग त्याच पेशींसमोर दुसऱ्या माणसाच्या आतड्यातील जीवाणू ठेवले. पेशी खवळून उठल्या आणि वेगाने वाढू लागल्या. म्हणजे सलोखा जीवाणूमात्राशी नव्हता. ज्याच्या त्याच्या आपल्या घरच्या जीवाणूंशी होता. आणि मग दाह झालेल्या रुग्णांच्या आतड्यातील पेशी घेतल्या, तेव्हा त्या आपल्या स्वतःच्या जीवाणूंवरही तितक्याच आवेशाने तुटून पडल्या. ज्यांना जन्मभर आपले मानले त्यांनाच शत्रू ठरवणारा हा बदल आजाराच्या गाभ्याशी आहे.

या वैराच्या खुणा रक्तातही सापडतात. क्रोन्सच्या अनेक रुग्णांच्या रक्तात पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या यीस्टविरुद्ध प्रतिपिंडे असतात. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या चार्ल्स एल्सन यांच्या गटाने २००४ साली दाखवले की, जीवाणूंच्या पोहण्याच्या शेपटीतील फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे निम्म्या क्रोन्स रुग्णांत आढळतात. ही प्रतिपिंडे स्वतः रोग घडवतात असे नव्हे, पण सरहद्दीवर फार पूर्वीपासून चकमकी होत असल्याची ती लेखी साक्ष आहेत. इस्रायली सैन्याने भरतीच्या वेळी साठवून ठेवलेले रक्त पुढे तपासले असता असे निष्पन्न झाले की, ज्या सैनिकांना नंतर क्रोन्स जडला, त्यांच्यापैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रक्तात यीस्टविरोधी प्रतिपिंडे रोगाचे निदान होण्याच्या सरासरी तीन वर्षे आधीपासूनच होती. पहिल्यांदा पोट दुखते त्या दिवशी आजार सुरू होतो असे रुग्णाला वाटते. वस्तुतः त्याची पूर्वतयारी वर्षानुवर्षे मूकपणे चाललेली असते.

सलोखा मोडतो तरी का? वाचकाला वाटेल की संरक्षणशक्ती गरजेपेक्षा बलवान असल्यामुळे मोडत असेल. पण २००१ साली फ्रान्स आणि अमेरिका येथील दोन गटांनी एकाच वेळी जे शोधून काढले ते या कल्पनेला धक्का देणारे होते. क्रोन्सशी निश्चितपणे जोडले गेलेले पहिले जनुक, १६व्या गुणसूत्रावरील नॉड-२, हे जीवाणूंच्या भिंतीचा एक तुकडा ओळखण्याचे काम करते; आणि रोगाशी निगडित असलेल्या त्याच्या सदोष रूपांत ही ओळखण्याची शक्ती वाढलेली नव्हे तर क्षीण झालेली असते. लंडनमधील अँथनी सीगल यांच्या गटाने याच दिशेचा पुरावा दिला: त्यांनी मेलेले एश्चेरिकिया कोलाय जीवाणू अत्यल्प प्रमाणात रुग्णांच्या हाताच्या कातडीत टोचले, तेव्हा क्रोन्सच्या रुग्णांत त्या जागी होणारी प्रतिक्रिया निरोगी माणसांपेक्षा फिकी आढळली, आणि जीवाणूंचा निचराही मंद गतीने झाला. वेशीवरचा पहारेकरी डुलक्या घेणारा असेल तर चोर गावात खोलवर शिरतात, आणि मग उशिरा जागे झालेले गाव काळोखात काठ्या घेऊन धावते तेव्हा चोरांपेक्षा घरांचीच मोडतोड अधिक होते. या विकारात पुष्कळदा असेच घडत असावे. आज या विकारांशी संबंधित असे जनुकसंचातील २०० हून अधिक भाग माहीत झाले आहेत, आणि त्यांपैकी बरेच जीवाणू ओळखणे, त्यांना पेशीच्या आत नष्ट करणे किंवा टी-पेशींना आवरणे, या कामांशी निगडित आहेत. तरीही आनुवंशिकता म्हणजे विधिलिखित नव्हे. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला क्रोन्स असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही.

जीवाणूंच्या बाजूनेही करार मोडला जातो. फ्रान्समधील हॅरी सोकोल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की, ब्यूटिरेट निर्माण करणारा फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा जीवाणू ज्या रुग्णांच्या आतड्यात शस्त्रक्रियेच्या वेळी कमी असतो, त्यांच्यात रोग लवकर परतण्याचा संभव अधिक असतो. क्लेरमों-फेराँ येथील संशोधकांना क्रोन्सच्या रुग्णांच्या लहान आतड्यात अस्तराला चिकटून पेशींत शिरणारे एश्चेरिकिया कोलायचे विशेष वाण सापडले. हितकर रहिवासी घटतात, उपद्रवी वाढतात, दाहाने स्थिती आणखी बिघडते, आणि बिघडलेल्या स्थितीने दाह आणखी भडकतो. या चक्रात आरंभ कोठे आणि परिणाम कोठे हे सांगणे कठीण होऊन बसते.

आपल्या देशाचा या विषयाशी संबंध दुरून पाहण्यासारखा राहिलेला नाही. पूर्वी ही पाश्चात्त्य देशांतील दुखणी मानली जात. पण पंजाबात लुधियाना येथील डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी केली, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाखात ४४.३ भरले. इंग्लंडातील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत तर हा विकार तेथील गोऱ्या रहिवाशांपेक्षाही अधिक आढळला. शिवाय युरोपीय रुग्णांत सापडणारे नॉड-२ चे नेहमीचे दोष भारतीय रुग्णांत जवळजवळ आढळत नाहीत. म्हणजे आपल्याकडे सलोखा मोडण्याच्या वाटा काही अंशी निराळ्या असाव्यात, आणि त्या आपल्याच रुग्णांच्या अभ्यासाने शोधाव्या लागतील, परदेशातून आयात करता येणार नाहीत.

आपल्याकडील डॉक्टरांपुढे आणखी एक बिकट पेच असतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व त्याच्या शेजारी घर करतात. दोहोंत वजन घटते, ताप येतो, आतडे अरुंद होते. आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात दोहोंतही ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या गाठी दिसू शकतात. क्षयजंतू प्रत्यक्ष सापडला किंवा गाठीच्या मधोमध दह्यासारखा सडलेला भाग दिसला तर प्रश्न मिटतो. पण पुष्कळदा तो मिटत नाही, आणि मग क्षयाची औषधे दोन-तीन महिने देऊन पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले की नाही हे पाहावे लागते. ही सावधगिरी व्यर्थ नाही. क्रोन्सवर दिली जाणारी प्रभावी औषधे ज्या टीएनएफ नावाच्या द्रव्याला निष्प्रभ करतात, त्याच द्रव्याच्या जोरावर शरीराने क्षयाचे जंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले असतात. ते कोंडणे ढिले पडले की सुप्त क्षय उसळतो, आणि म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो आणि क्षयाच्या चाचण्या करून घेण्याचा शिरस्ता आहे. तसेच कोलायटिसचे रक्त मूळव्याधीचे समजून, आणि क्रोन्सचे भगंदर साधे भगंदर समजून त्यावर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून, बहुमोल वेळ दवडला जातो. ही आपल्या गावोगावची वस्तुस्थिती आहे आणि ती बदलता येण्यासारखी आहे.

उपचारांच्या इतिहासातही हाच सलोख्याचा धागा दिसतो. स्टॉकहोममधील नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी घडवलेले सल्फासॅलाझीन हे औषध १९४०च्या सुमारास कोलायटिसवर गुणकारी ठरले. ते लहान आतड्यातून बहुतांशी तसेच पुढे जाते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूच त्याची गाठ तोडून दाहशामक अंश मोकळा करतात. ज्या जीवाणूंवरून हा दाह पेटतो, त्यांच्याच हातून त्याचे औषध सिद्ध व्हावे, हा निसर्गाचा मोठा अर्थपूर्ण योग आहे. ऑक्सफर्डचे सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी १९५५ साली कॉर्टिसोनच्या नियंत्रित चाचणीचा अहवाल देऊन स्टेरॉइडचे स्थान निश्चित केले. पण स्टेरॉइड उसळी शमवते, ती परत येऊ नये म्हणून उपयोगी पडत नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होण्यासारखे दुष्परिणाम करते. टीएनएफविरोधी प्रतिपिंड १९९३ साली ॲमस्टरडॅममध्ये क्रोन्सने खंगलेल्या एका किशोरवयीन मुलीला देण्यात आले आणि तिची प्रकृती थोड्याच काळात सुधारली. इन्फ्लिक्सिमॅब या नावाने त्या औषधाला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर संरक्षक पेशींना आतड्यात शिरू न देणारी आणि त्यांच्यातील इतर संदेश रोखणारी औषधेही आली.

परंतु प्रत्येक संदेश रोखणे हिताचे असते असे नाही, हा धडा २०१२ साली मिळाला. इंटरल्यूकिन-१७ हे द्रव्य दाह झालेल्या आतड्यात विपुल असते, म्हणून त्याला निष्प्रभ करणारे औषध क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिले. अनेकांची प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडली आणि बुरशीचा संसर्गही अधिक झाला, कारण तेच द्रव्य अस्तराची डागडुजी आणि बुरशीपासून बचाव यांतही गुंतलेले होते. तेव्हापासून सैन्याच्या प्रत्येक तुकडीला निःशस्त्र करण्यापेक्षा सलोख्याची मूळ घडी पुन्हा कशी बसवता येईल, याकडे अधिक लक्ष वळले आहे. मुलांमधील क्रोन्समध्ये काही आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप आहारावर ठेवले असता स्टेरॉइडइतकाच गुण येतो, हे सिद्ध झाले आहे. निरोगी माणसाच्या मलातील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात रुजवण्याचे प्रयोग कोलायटिसमध्ये काहींना उपयोगी पडले आहेत, काहींना नाही; हा उपचार सध्या प्रयोगावस्थेत आहे, आणि घरगुती रीतीने तो करून पाहणे धोक्याचे आहे.

सामान्य वाचकाने यातून काय घ्यावे? काही आठवड्यांहून अधिक काळ जुलाब चालू असतील, शौचात रक्त पडत असेल, रात्री त्यासाठी उठावे लागत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस ढकलू नयेत. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. हा विकार शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, तो रुग्णाच्या खाण्यापिण्याच्या चुकीचे फळ नाही, आणि त्याबद्दल लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने आजार लपवणे म्हणजे आजाराला मोकळे रान देणे होय. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडून देणे ही आपल्याकडील सर्रास आढळणारी चूक आहे, आणि वर सांगितलेल्या साऱ्या हकिकतीवरून तिचे घातक स्वरूप ध्यानात येईल: बाहेरून शांतता दिसत असतानाही सरहद्दीवरील सलोखा कच्चाच असतो, आणि औषध त्याला आधार देत असते.

शंभर वर्षांपूर्वी वैद्यकाने आरोग्याचे चित्र जंतूंचा नायनाट म्हणून रेखाटले, आणि पटकी, विषमज्वर, क्षय यांच्या बाबतीत त्या चित्राने कोट्यवधी प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण आतड्याच्या या विकारांनी दुसरे एक सत्य समोर आणले आहे: शरीराची थोरवी शत्रूला मारण्यात जितकी आहे तितकीच ती कोणाला मारू नये हे ओळखण्यात आहे, आणि ही ओळख हरवली की सर्वांत मोठी हानी स्वतःच्याच घराची होते. म्हणून या रुग्णांसाठी ज्या संशोधनाची आज गरज आहे ते केवळ अधिक जालीम औषधांचे नसून, आपल्या लोकांच्या आतड्यांतील जीवाणू, त्यांचा आहार, त्यांची जनुके आणि त्यांचे आजार यांच्या सावकाश, चिकाटीच्या अभ्यासाचे आहे. ते आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच विद्यापीठांत झाले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा पैसा व धीर समाजाने पुरवला पाहिजे.